बंद घरातले उंदीर

आमच्या टीमचं काम उंदीर पकडायचं, पण पिंजऱ्यात उंदरांपेक्षा किस्सेच जास्त सापडतात. उंदराच्या लेंड्या-लघवीतून धुळीत मिसळणारा आणि श्वासावाटे फुप्फुसात जाणारा एक विषाणू असतो. तो बीड जिल्ह्यात आहे का, हे आम्ही शोधतो. एवढं समजावून सांगण्यातच अर्धा दिवस जातो.

*

लिंबागणेशला पिंजरे रोज रिकामे. भाकरी गायब, दार उघडं. पाळत ठेवली, तर एक आजोबा उंदीर सोडून देताना सापडले.

"तुमी वाहनच धरून नेल्यावर देवानं पायी हिंडायचं का?"

आमच्या टीमच्या डॉक्टर मॅडमनी पिंजरे उचलायला सांगितले.

*

आमचे ड्रायव्हर बाबूकाका मास्क हनुवटीला लावतात. मॅडम चिडल्या, "काका, विषाणू नाकातून जातो!"

"नाकात तपकीर हाय, मॅडम. जागाच न्हाई."

*

शिरूर कासारकडे ऊसतोडीला गेलेल्यांची घरं महिनोन् महिने बंद असतात. उंदरांना रान मोकळं. त्यातली काही घरं आहेत तशी बघायची होती, म्हणून सरपंचांना आधी फोन केला. तिथंच चुकलं. पोचलो तर कुलपं उघडलेली, घरं लख्ख, दारात रांगोळी.

"पावणे येणार म्हणल्यावर घाण कशी ठिवावी? समदं खराट्यानं झाडून घेतलं," सरपंच खुशीत म्हणाले.

बंद घर कोरडं झाडू नका, हेच सांगायला आम्ही गेलो होतो. झाडणाऱ्या दोन गड्यांची मॅडम पुढे बरेच दिवस चौकशी करत होत्या. त्यांना काही झालं नाही, नशीब आमचं.

*

त्या गावात एकच घर झाडायचं राहिलं होतं, गंगूबाईंचं. किल्ली त्या सोबत घेऊन गेल्या होत्या. मागच्या वर्षी ऊसतोडीहून परतल्यावर त्यांच्या सुनेनं हेच घर झाडलं. मग ताप आला, दम लागला आणि दवाखान्यात गेलेली सून परत आली नाही. कशानं गेली, कुणालाच कळलं नाही.

यंदा परतल्यावर सरपंचांकडून आमच्याबद्दल कळलं, तशी गंगूबाईंनी मुलालाही आत जाऊ दिलं नाही. आम्ही पुन्हा गावात येईपर्यंत दोघं बोचकी घेऊन लिंबाखाली बसून होते. आम्ही दारं उघडून वारा खेळू दिला, औषधाचं पाणी मारलं, पिंजरे लावले. उंदीर मिळाले. निघताना मी सवयीनं म्हणालो, "काळजी करू नका मावशी, रिपोर्ट चांगलाच येईल."

"न्हाई बाबा. आमच्या उंदरात निगू द्या."

मला वाटलं, त्यांना समजलं नाही. पुन्हा सांगितलं, निघाला म्हणजे रोग आहे.

"कळतंय की. सुनेच्या माहेरचे म्हणत्यात, आमी राबवून मारली. नातू तिकडंच ठिवलाय. भेटू देत न्हाईत."

रिपोर्ट अजून आलेला नाही. त्यांचा फोन मात्र येतो. आधी माझ्या पोराबाळांची चौकशी करतात, मग हळूच विचारतात, "साहेब, उंदीर काय म्हणला?"