शेवटचं नीट कधी पाहिलं?

पुण्याला निघाले त्या सकाळी अप्पा वाळूजच्या कारखान्यातली पहिली पाळी बुडवून मला सोडायला आले. बस सुटताना खिडकीशी म्हणाले, "मने, घरातली पहिली ग्रॅज्युएट हायेस. साहेबापुढं दबून बोलू नको." रडले नाहीत. मीपण नाही, त्यांचीच लेक.

आता मी एका हॉस्पिटलात रिसर्च कोऑर्डिनेटर आहे. मोठा स्ट्रोक झालेल्या माणसाच्या मेंदूतली रक्ताची गुठळी मांडीतून बारीक नळी घालून ओढून काढतात. कुणाला त्याचा कितपत फायदा होतो, यावर आमचा अभ्यास चालतो. नातेवाइकांना माझा पहिला प्रश्न ठरलेला: यांना शेवटचं नीट कधी पाहिलं? कारण तासातासाला मेंदू मरत असतो.

गेल्या वर्षी सकाळी नऊला अप्पा चहा पिता पिता कलंडले. उजवं अंग लुळं, वाचा बंद. दादा, काका, घरातले तुम्ही सगळे तिथंच होतात. अंगावरून वारं गेलंय, असं काकांनी ठरवलं आणि तुम्ही त्यांना रिक्षात घालून चिकलठाण्याच्या पुढं तेल लावणाऱ्याकडं नेलं. दिवसभर मालिश. आत्याला फोन गेला, छावणीतल्या मामाला गेला. मला दुसऱ्या दिवशी दुपारी, दवाखान्यात नेल्यावर. तोवर गुठळी काढून उपयोग नव्हता.

दादा म्हणाला, "तू लांब हायेस, उगं घाबरली असती. म्हणून सांगितलं नाय."

तेलाचं मी समजू शकते. आपल्याला दुसरं कुणी सांगितलंच नव्हतं. पण सांगणारी एक होती की. तिच्या पदवीचे पेढे तुम्हीच गल्लीभर वाटले होते. वेळेत कळवलं असतं तर अप्पा बोललेच असते असं मी म्हणत नाही. आमच्या अभ्यासातही सगळे उठत नाहीत. काही उठतात. तुम्ही तेल चोळत होतात तेव्हा मी इथं एका परक्या बाईला तिच्या नवऱ्याबद्दल तोच प्रश्न विचारत होते. त्याची गुठळी निघाली. तिसऱ्या दिवशी त्यानं मला मॅडम म्हणून हाक मारली.

अप्पा मला हाक मारत नाहीत. नुसते बघतात.

आणि तुम्ही अजून तेच करता. मी आले की खुर्ची पुढं करता, चहा नव्या कपात देता, आईची शुगर वाढलेली माझ्यापासून लपवता. शहाणपणा समजता ह्याला? असं पाहुण्याला जपतात. मी त्या घरची असेन, तर पुढच्या वेळी सगळ्यांच्या आधी मला घाबरवा.