टनामागे किती घोडे

शिरढोणच्या थोडं पुढे, हायवेला लागूनच एक वजनकाटा आहे. मालक पेणचा. पण गोदावरी घरत तिथल्या केबिनमध्ये बावीस वर्षं बसतायत, म्हणून खडी-रेतीचे सगळे ड्रायव्हर त्याला गोदूताईंचा काटाच म्हणतात. गोदूताई पन्नाशीच्या, अंगाने काडीसारख्या. माहेरचं मिठागर होतं, त्यामुळे वजन हा विषय लहानपणापासूनचा. नवरा ऐन तिशीत गेला, तेव्हा त्याचा टेम्पो यांनी पाच वर्षं स्वतः चालवला, वाशीच्या मार्केटला भाजी पोचवली. टेम्पो पार खिळखिळा झाला तेव्हा काट्यावर आल्या. ट्रक चढताना त्या नुसत्या त्याच्या चाकांवरच्या, भाराने वाकलेल्या स्प्रिंगच्या पाट्यांकडे बघून वजन सांगत, आणि मशीनचा आकडा फार लांब जात नसे.

दोन वर्षांपूर्वी एका दुपारी टेम्पोच्या पाठीवर बांधलेली एक विचित्र गाडी आली. दरवाजे नाहीत, टप नाही, दोन सीट आणि चार चाकं. सोबत पांढऱ्या मिशांचे, चांगल्या भरलेल्या अंगाचे गृहस्थ.

"टेम्पोचा काटा करायचा का हिचा?" गोदूताईंनी विचारलं.

"हिचाच," ते म्हणाले. "फक्त हिचाच."

ते प्रभाकर देवस्थळी. कंपनीतून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले, करंजाड्याला राहणारे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार वर्षं खपून त्यांनी ही गाडी बांधली होती. रस्त्यावर चालवायची परवानगी नव्हती. उरणच्या बाजूला एका रिकाम्या कंटेनर यार्डात, रीतसर परवानगी काढून, हौशी लोकांचा एक क्लब महिन्यातून एका रविवारी गाड्या पळवायचा. एका वेळी एकच गाडी, प्लास्टिकच्या शंकूंमधून वळत, घड्याळाशी शर्यत. गाडी तिथल्यासाठी होती.

गाडी ढकलत काट्यावर आणली. सहाशे साठ किलो. देवस्थळींचा चेहरा पडला.

"अजून जड आहे," ते म्हणाले.

गोदूताईंना हसू आलं. त्यांच्या काट्यावर पाच टनाखालचं काही कुणी मोजतच नव्हतं.

मग ते दर महिन्याला येऊ लागले. आज स्टेपनी काढली, आज सीटखालची पत्र्याची पेटी काढली, आज लोखंडाच्या जागी ॲल्युमिनियम घातलं. दहा किलो कमी झाले की पेढे आणत. एकदा गोदूताईंनी विचारलंच, "काका, इंजिन मोठा घाला ना. कशाला एवढी कसरत?"

देवस्थळी स्टुलावर बसले. "ताई, हिची ताकद दीडशे घोड्यांची. मोठं इंजिन घातलं तर घोडे वाढतील, पण इंजिन स्वतःच जड. मग ब्रेक जड, टायर जड. घोडे किती हे एकटं विचारून उपयोग नाही. टनामागे किती घोडे पडले, ते विचारायचं. आणि वळणावर तर घोडेही कामाला येत नाहीत. तिथे हलकी गाडी उशिरा ब्रेक मारते आणि लवकर सुटते."

गोदूताईंना हे मनापासून पटलं. भरलेला टेम्पो उताराला कसा पुढे ओढतो, हे त्यांच्या पायाला ठाऊक होतं. त्या दिवसापासून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीचे त्या टनामागचे घोडे काढू लागल्या. खडीवाल्या ड्रायव्हरांची तर चेष्टाच सुरू झाली.

यंदा दिवाळीनंतर त्यांचा भाचा प्रितेश स्पोर्ट्स कार घेऊन आला. बेलपाड्याला बांधकामाचा धंदा जोरात, पोरगा हौशी. पिवळीजर्द गाडी, साडेचारशे घोड्यांची.

"आते, बस. पनवेलपर्यंत फिरवून आणतो."

"आधी काट्यावर घे," गोदूताई म्हणाल्या.

प्रितेश आत बसलेला असताना आकडा आला एकोणीसशे. गोदूताईंनी मोबाईलवर भागाकार केला. टनामागे दोनशे सदतीस. देवस्थळींच्या गाडीचं वजन तोवर सहाशे दहावर आलं होतं, वर काका स्वतः नव्वद. म्हणजे सातशेला दीडशे, टनामागे दोनशे चौदा.

"तीन पट घोडे आनलेस," त्या म्हणाल्या, "आनि पुढं हायस तेवीसनं."

प्रितेशला ते झोंबलं. "माझ्या गाडीसमोर तो सांगाडा? येत्या रविवारी येतो मी यार्डात."

शनिवारी देवस्थळी गाडी घेऊन शेवटच्या वजनाला आले. गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. काढण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. गोदूताई केबिनच्या पायरीवर उभ्या राहून बघत होत्या.

"काका, राग नाय ना येनार? अजून एक गोष्ट काढता येईल."

"काय?"

"तुमी."

देवस्थळी आधी गोंधळले, मग पोटाकडे बघून इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. मग डोळे पुसत विचारलं, "तुमचं वजन किती, ताई?"

"पन्नास."

"चालवाल?"

गोदूताईंनी नाही म्हणायला तोंड उघडलं. पण मोबाईलवर भागाकार त्यांनी सकाळीच करून ठेवला होता. गाडी सहाशे दहा, वर पन्नास; सहाशे साठला दीडशे. दोनशे सत्तावीस.

रविवारी सकाळी पंजाबी ड्रेसवर हेल्मेट घालून त्या गाडीत बसल्या. आधी प्रितेश सुटला. सरळ पट्ट्यात त्याची गाडी डरकाळी फोडत गेली, वळणावर मात्र टायर किंचाळले, दोन ठिकाणी गाडी वळणाबाहेर सरकली. अठ्ठावन्न पॉइंट चार सेकंद.

गोदूताईंची पहिली फेरी त्रेसष्ट सेकंदांची. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण ती कौतुकाची सवलत होती, हे त्यांना कळलं.

देवस्थळी गाडीजवळ वाकले. "तुम्ही ब्रेक फार आधी मारताय. ताई, तुमच्या पाठीमागे माल नाहीये."

गोदूताईंनी मान वळवून मागे बघितलं. खरंच नव्हता. पाच वर्षं प्रत्येक वळणाच्या आधी त्यांनी पाठीमागचा दीड टन जोखला होता, आणि तो पायात अजून तसाच बसला होता.

दुसऱ्या फेरीत पहिल्या शंकूपर्यंत त्यांनी ॲक्सिलरेटरवरचा पाय उचललाच नाही. गाडी वळली, अगदी सहज, चप्पल फिरवावी तशी. हेल्मेटच्या आत त्या मोठ्याने हसल्या, कुणाला ऐकू आलं नाही. अठ्ठावन्न पॉइंट नऊ सेकंद.

प्रितेश अर्ध्या सेकंदाने जिंकला होता. पण तो धावत आला तो आतेलाच मिठी मारायला. "आते, मी चाटच पडलो. तू कंदी शिकलीस असा चालवायला?"

"तू पालन्यात व्हतास तवा."

देवस्थळी थोडे बाजूला उभे होते. या गाडीवर त्यांची स्वतःची सर्वांत चांगली वेळ एकसष्ट होती. गोदूताईंना ते माहीत होतं, म्हणून त्या हळूच म्हणाल्या, "गाडी तुमची हाय, काका. मी फकस्त हलकी हाय."

"हलकं असणं पुरत नाही, ताई. पहिल्या फेरीतही तुम्ही पन्नासच होतात," ते म्हणाले, आणि क्लबच्या माणसाकडे जाऊन पुढच्या महिन्यासाठी दोन नावं लिहून आले. पहिलं गोदूताईंचं, दुसरं स्वतःचं. चालवायची हौस काही त्यांनी सोडली नव्हती.

पलीकडे प्रितेश डिकी उघडून आतली भलीमोठी स्पीकरची पेटी काढायच्या खटपटीत होता. "आते," त्याने ओरडून विचारलं, "ही किती किलोची असेल गं?"

गोदूताईंनी लांबूनच बघितलं. "तीसच्या वर," त्या म्हणाल्या आणि पेटीचं दुसरं टोक धरायला गेल्या.