बॅटरी काढली की नंबर बदलतो

सलीम गेल्याचा फोन आला तेव्हा मी इथे आखातात, फहाहीलच्या मासळीबाजारात पापलेट साफ करून घेत होतो. "सलीमभाई नहीं रहा," तो कामाला होता त्या वफ्र्याच्या शेतावरून कुणीतरी बोललं, आणि पढवल्यासारखं लगेच पुढे, "पानी नहीं पीता था, खुद की गलती थी." माणूस जाऊन दोन तास झाले नव्हते आणि चूक कुणाची ते ठरूनही गेलं होतं… सहा आठवडे झाले, तो राग माझ्या डोक्यातून उतरलेला नाही. मला तो उतरवायचाही नाही. अशा लेखात मन मोठं करायची रीत असेल, तर माझं मन लहान आहे असं समजा.

सलीम श्रीवर्धनचा. मी नाशिकचा, अहमदीत नोकरीला. आमच्या गच्चीवर डिश अँटेना बसवायला आला आणि चहाला थांबला, तेवढीच ओळख पुढे चौदा वर्षं पुरली. इंटरनेटने डिशचा धंदा बुडवला तेव्हा तो वफ्र्याच्या एका शेतावर हरितगृहांचे पंखे आणि पंप सांभाळायला गेला. पण हवेतून काहीतरी पकडायची खोड काही सुटली नाही. एका शुक्रवारी त्याने खिशातून पेनड्राइव्हएवढा रेडिओचा डोंगल काढला, माझ्या लॅपटॉपला लावला आणि वीतभर अँटेना बिस्किटांच्या डब्यावर उभी केली. स्क्रीनवर ओळी पडू लागल्या. आसपासच्या घरांतल्या हवामानयंत्रांचे सेन्सर होते ते. प्रत्येकाचा नंबर, तापमान, दमटपणा. "ह्यो बग," सलीम हसत म्हणाला, "कुणीतरी बाथरूमात ठेवलाय. आंगोळ झाली का दमट चढतो." मग माझ्या मुलीला त्यातली गंमत सांगितली. "बॅटरी काढून परत घातली का ह्यो नवा नंबर घेतो. जुना परत येत नाय."

शेताच्या मॅनेजरकडेही असंच यंत्र होतं. सेन्सर बाहेर, आकडा त्याच्या गार खोलीत. आकडा पंचेचाळिसावर गेला की भोंगा वाजवायचा आणि सगळ्यांनी काम टाकून सावलीत यायचं, हा नियम त्यानेच केला होता आणि त्याबद्दल स्वतःचं कौतुकही करून घेतलं होतं. भोंगा मात्र कधी वाजलाच नाही. सलीमने आपल्या खोलीत बसून तो सिग्नल पकडला आणि मला फोन केला. "अरे, वाळवंटात साठ टक्के दमट? ह्यो काय श्रीवर्धन हाय?" त्याने जाऊन बघितलं तर सेन्सर कूलरच्या ओल्या जाळीमागे टांगलेला. सलीमने स्वतःचा एक सेन्सर हरितगृहाच्या दारात लावला. मॅनेजरचा त्याहून दहा अंश कमी दाखवत होता. मॅनेजरला सांगितलं, तर तो म्हणाला, "तू पंखे देख."

"तू इंग्रजीत तक्रार लिवून दे," सलीम मला म्हणाला. "मना तसलं लिवता येत नाय." मी म्हटलं, शुक्रवारी बसू. तो शुक्रवार गेला, पुढचाही गेला. एकदा घरी पाहुणे होते, एकदा मला नुसताच कंटाळा आला होता. ज्यांना माफ करायचं नाही त्यांत मी स्वतःलाही धरतो. दुसऱ्या शुक्रवारनंतरच्या शनिवारी, बंद पडलेला पंखा दुरुस्त करताना सलीम हरितगृहात कोसळला.

त्याचं सामान आणायला मीच गेलो. मॅनेजरने आपणहून मला अंगणात नेलं. सेन्सर मोकळ्या जागेत, खांबावर, अगदी दिसेल असा. "पहले दिन से यहीं है. किसी ने हाथ नहीं लगाया," तो म्हणाला. "बेचारा खुद लापरवाह था." सलीमच्या बायकोलाही, रुखसानावहिनींनाही, त्याने फोनवर हेच ऐकवलं होतं. "भाऊ, खरंच त्यांचीच चूक होती का?" त्यांनी मला विचारलं होतं.

सलीमच्या खोलीत लॅपटॉप चालूच होता. बंद करायचं कुणाला सुचलंच नव्हतं. डोंगलला हात लावला तर तो तापलेला. मी पलंगावर बसून ओळी वाचत मागे मागे गेलो. त्या शनिवारी सकाळी मॅनेजरच्या सेन्सरचा जुना नंबर अडतीस अंश दाखवत होता, सलीमचा सेन्सर अठ्ठेचाळीस. सलीम पडल्यावर वीस मिनिटांनी जुना नंबर बंद झाला. अर्ध्या तासाने नवा नंबर आला. हवा कोरडी, सत्तेचाळीस अंश. म्हणजे माणूस जमिनीवर पडलेला असताना या मॅनेजरने यंत्रातले आकडे पुसायला बॅटऱ्या काढल्या आणि सेन्सर खांबावर नेऊन लावला! मला रडू यायला हवं होतं. झाला तो आनंद, अगदी दुष्ट आनंद. सापडलास, म्हटलं.

वहिनींना तिथूनच फोन केला. "चूक त्यांची नव्हती. पुरावा त्यांनीच ठेवलाय." त्या म्हणाल्या, "त्याला सोडू नका, भाऊ." राहिलेली तक्रार मी त्याच दिवशी लिहून काढली, सलीमच्या ओळी जोडून दाखल केली. चौकशी चालू आहे. ती तिच्या चालीने चालेल.

मी मात्र दर शुक्रवारी सकाळी वफ्र्याला जातो. शेताच्या कुंपणाशी गाडी लावतो, टपावर तीच अँटेना ठेवतो आणि लॅपटॉप मांडीवर घेतो. गेल्या शुक्रवारी मॅनेजर फाटकाबाहेर आला. चेहरा उतरलेला होता, ते बघून मला बरं वाटलं.

"कब तक आएगा?" त्याने विचारलं.

"जब तक उस सेन्सर में बॅटरी है," मी म्हटलं. "और बदलोगे, तो भी मुझे पता चलेगा."

तो खांबाकडे बघत उभा राहिला. माझ्या मांडीशी सलीमचा डोंगल तापला होता. स्क्रीनवर पंचेचाळीस आलं. मॅनेजर वळला, आत गेला, आणि भोंगा वाजला. हरितगृहांची दारं उघडली आणि माणसं एकेक करून सावलीत येऊन बसली.