सोयरिकीला निघालेले हात

सौंदडहून गोंदियाला जाणाऱ्या गाडीत ते म्हातारबाबा माझ्यासमोर बसले होते. नाव विचारायचं राहूनच गेलं. त्यांचे हात सारखे थरथरत होते. चहा त्यांनी पिशवीतल्या जड पितळी गिलासात घेतला, तोही अर्धाच, आणि दोन्ही हातांनी धरून प्यायले.

"नातीच्या सोयरिकीसाठी जाऊन राहिलो," ते म्हणाले. "पण पावन्याइले वाटंल, बुढा पेऊन आला."

"औषध नाही घेतलं?" मी विचारलं.

"पयली गोळी दम्यापायी डाक्टरनंच बंद केली. दुसरीनं दिवसभर झोप येते. झोपेत हात तसाबी हालत नाही, मंग गोळी कायले?"

"आणि ऑपरेशन?"

"नागपूरले डोक्यात तार टाकतेत मने. आता डोकं तेवढं धड आहे, तेबी उघडू?"

गोंदिया स्टेशनवर नवऱ्या मुलाचे वडील बाबांना घ्यायला आले होते. नमस्काराला जोडलेल्या त्या लटपटत्या हातांवर त्यांची नजर अडकली. बाबांनी लगेच सांगून टाकलं, "पेलो नाही मनूनच हालून राहिले. एकडाव मोहाची पेलो होतो, तं घंटाभर दगडावानी थांबले!"

मुलाचे वडील बाबांच्या जवळ सरकले आणि हळूच म्हणाले, "माह्या मायचेबी हालतेत. किती पेले होते?"