डाळीसाठी ठेवलेलं पाणी

मागच्या हिवाळ्यात बेंगळुरूची नोकरी गेली आणि माझी लेक घरी परत आली. सोबत दोन बॅगा आणि एक खोकं. खोक्यात कॉफीचं सामान: चिनी मातीचा कोन, कागदाचे फिल्टर, लांब चोचीची किटली, एवढासा वजनकाटा. मी म्हटलं, "अगं, असली गाळणी आपल्या गुलमंडीच्या बाजारात ढिगानं मिळतात." ती हसली नाही. एरवी अशा बोलण्यावर तिनं मला चांगलंच फैलावर घेतलं असतं.

दिवसभर खोलीचं दार लोटलेलं. जेवायला हाक मारली की "भूक नाही." सकाळी मात्र स्वयंपाकघरात यायची. बिया तोलून हातानं दळायची, आधी थोडंसं गरम पाणी टाकून पूड फुगू द्यायची, मग किटली गोल फिरवत बारीक धार सोडायची. तेवढा वेळ मला माझी जुनी पोर दिसायची. मी कांदा चिरायच्या निमित्तानं तिथंच रेंगाळायची.

पण घोट घेतला की तिचा चेहरा पडायचा. "खडू खाल्ल्यासारखी लागतेय." एक दिवस बारीक दळायची, एक दिवस जाड. बिया नव्या मागवल्या. चव तीच! शेवटी एकदा भरला कप मोरीत ओतला आणि म्हणाली, "आई, मला आता काहीच जमत नाही गं. साधी कॉफीसुद्धा नाही." आणि सगळं सामान पुन्हा खोक्यात भरायला लागली. ते खोकं बंद झालं की ही सकाळीही खोलीबाहेर यायची नाही, हे मला दिसत होतं.

आमच्याकडं पोळ्या करायला पडेगावहून मावशी येतात. तोंडाच्या फटकळ आहेत. त्या सगळं ऐकत होत्या.

"ताई, कोणतं पाणी घेती ती?"

"बोअरचं."

"अन् डाळीला?"

"नळाचं. बोअरच्या पाण्यात डाळ शिजते का कुठं?"

मावशींनी लाटणं खाली ठेवलं. "मंग! ज्यात डाळ शिजत नाय, त्यात पोरीची कॉफी कशी व्हईल? लई शिकल्या तुमी दोघी, अन् एवढं कळंना व्हय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आमच्या नळाला काही रोज पाणी येत नाही. येईल त्या दिवशी हंडे-कळश्या भरायच्या आणि पुढच्या पाण्यापर्यंत पुरवायच्या. म्हणून माझा कायदा असा की नळाचं पाणी प्यायला आणि डाळीला, बाकी सगळ्याला बोअरचं, जड आणि खारट. चहात दूध, साखर, आलं असतं, तिथं ते खपून जातं. लेक आली त्याच दिवशी मी बजावलं होतं, "कॉफीला बोअरचं घे हं, झाकल्या कळशीला हात लावायचा नाही." तिकडं बेंगळुरूला कॅनचं पाणी होतं, त्यामुळं पाण्यावर संशय घ्यायचं तिच्या डोक्यातच आलं नाही. कॉफी मी बिघडवत होते आणि ती दोष स्वतःला देत होती.

कळशीत दुपारच्या डाळीपुरतंच पाणी उरलं होतं. ते सगळं मी पातेल्यात ओतून गॅसवर चढवलं. "एकदाच कर. माझ्यासाठी."

तिनं खोकं उघडलं. दळलं, धार सोडली, घोट घेतला. दुसरा घोट घेतला. मग डोळे भरले तिचे. "आई, झाली गं. माझं चुकत नव्हतं."

"माझं चुकत होतं, बाई," मी म्हटलं आणि तिला जवळ घेतलं. मला तिनं अर्धा कप दिला. खरं सांगते, निव्वळ काढा होता तो. तरी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. मावशींच्या तर पायाच पडायला वाकले, तर त्यांनी "व्हा तिकडं, पोळी करपती" म्हणून हुसकावून लावलं. त्यांचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

त्या दुपारी डाळ बोअरच्या पाण्यात लावली. सात शिट्ट्या झाल्या तरी दाणा टणकच राहिला. लेक ताटावर बसली. एक घास चावला आणि माझ्याकडं बघितलं.

"आई, डाळ कच्ची आहे!"

"खा गुपचूप."

ती खो खो हसली आणि पुन्हा वाढून घेतली.