पुढच्या चाकांवरचं वजन

आमची जमीन केज तालुक्यात, युसूफ वडगावच्या पुढं, माळाची. मी सातवीत होते त्या साली पेरलेली बाजरी उगवलीच नाही. जवळच्या सहकारी कारखान्याला गाळायला ऊस नव्हता, त्याचा भोंगा त्या हंगामात वाजला नाही. दसरा झाला आणि माय-अण्णा लांबच्या कारखान्यावर गेले. माय ऊस तोडायची, अण्णा दुसऱ्याच्या मालकीचा ट्रॅक्टर चालवायचे. मला शाळेसाठी मामाकडं केजला ठेवलं.

दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांच्याकडं गेले तेव्हा पाहिलं. ट्रॅक्टरच्या मागं उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या. फडातून रस्त्यावर चढताना मागची चाकं माती उकरायची आणि पुढची दोन हवेत उठायची. ती दाबून ठेवायला पुढं लोखंडी वजनं लावतात. मालकानं ती लावली नव्हती. म्हणून माय पुढं बंपरवर बसायची. चढ संपला की उतरायची, पुन्हा कोयता हातात.

"दुष्काळानं वाळले मी," ती म्हणायची. "वजन पुरत नसंल तर एखादी जाडी बाई बघा."

"तुझी जीभ लई जड हाय. तेवढी पुरे," अण्णा म्हणायचे.

टोळीतले सगळे हसायचे. मीही हसले होते.

संक्रांतीनंतर मामा शाळेत मला न्यायला आला. ट्रॅक्टरचं तोंड उचललं, माय पडली, आणि तोंड तिच्यावर खाली आलं. एवढंच टोळीतल्या लोकांनी सांगितलं. अण्णांनी काहीच सांगितलं नाही. त्यांनी पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही, रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जायला लागले. माय कशी पडली हे मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ते चपला घालून बाहेर गेले. मग मी विचारायचं सोडलं, पण ते डोक्यातून गेलं नाही.

बारावीला मार्क चांगले पडले. मी औरंगाबादला मेकॅनिकलला गेले. शेवटच्या वर्षी सेमिनारला विषय निवडायचा होता. लायब्ररीतल्या एका जुन्या मासिकात मला एक गाडी सापडली. जपानी, दोन दारांची, दिसायला रस्त्यावरच्या गाडीसारखी, पण शर्यतीसाठी बांधलेली. इंजिनाला दोन टर्बो, म्हणजे जास्तीची हवा आत कोंबून ताकद वाढवणारे पंखे. ताकद एरवी मागच्या चाकांना, पण ती चाकं घसरायला लागली की गाडी आपणहून काही ताकद पुढच्या चाकांना द्यायची. ते वाक्य मी उभ्या उभ्या तीनदा वाचलं.

सर म्हणाले, "तुमच्या भागाला उपयोगी असं काही घे. ठिबक घे."

मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "हिच्या गावात एसटी सरळ येत न्हाई, अन् हिला टर्बो पायजे."

"एसटीलाच बसवणार हाय," मी म्हणाले. विषय बदलला नाही.

सेमिनारच्या आधी गावी गेले होते. अण्णा दारात बसून वहाणेला टाके घालत होते. मी कागद वाचून दाखवायला लागले. ते ऐकतात की नाही, कळत नव्हतं. ही गाडी जपानात सगळ्यांना मागं टाकत गेली. परदेशातही जिंकायला लागली, तेव्हा तिथल्या लोकांनी नियम करून तिच्यावर जास्तीचं वजन लादलं. तरी जिंकली. लोकांनी जिंकणाऱ्यांचीच हुर्यो उडवली. शेवटी नियम असे बदलले की असल्या गाडीला त्या शर्यतीत जागाच राहिली नाही.

अण्णांचा हात थांबला. "वजन म्हंजी? माणूस बसवीत व्हते का म्होरं?"

"न्हाई अण्णा. शिशाचे ठोकळे ठेवायचे, आत, घट्ट बसवून."

"मंग बरं हाय."

त्यांनी सुई वहाणेत खोचून ठेवली.

"त्या दिशी ट्रॉल्या जास्ती भरल्या व्हत्या," ते म्हणाले. "ती म्हणली, आज अजून एक बाई बसवा, मला भ्या वाटतंय. मी म्हणलो, तू पुरी हायस. बस."

मी हातातले कागद खाली ठेवले.

"चारी चाकं ओढणारा ट्रॅक्टर असता तर वाचली असती का गं?"

हो म्हणणं सोपं होतं. पण मी तेच शिकत होते. "सांगता येत न्हाई," मी म्हणाले. "मागं तेवढा भार असल्यावर तोंड तरीबी उचललं असतं. पुढं लोखंडी वजन पायजे व्हतं, अन् ट्रॉली एकच."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "गाडीचं लिहिलंस तसं तिचं बी लिही."

मी लिहिलं. शेवटच्या पानावर उसाच्या ट्रॅक्टरची आकृती काढली, भार कुठं पडतो त्याचे बाण दाखवले, आणि खाली एक ओळ: पुढं वजन म्हणून माणूस बसवू नये. सरांनी ते पान वाचलं आणि ठिबकचं नाव पुन्हा काढलं नाही.

त्या वर्षी मी पहिल्या वर्गात पास झाले. आमच्या घरात कॉलेजची पदवी घेतलेली मी पहिली.