सांग, माझ्या मनात काय हाय?

परवा दौंडच्या एका लग्नात कुणीतरी मनगटाला हिन्याचं अत्तर लावलं आणि मी थेट साठच्या दशकातल्या न्हावऱ्यात, आमच्या ओसरीवर पोचलो. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला, प्री-डिग्रीला, मी मानसशास्त्र घेतलं होतं. वडिलांना तो वेड्यांचा विषय वाटे, म्हणून त्यांनी निवाड्याला सरपंच आप्पांना बोलावलं. आप्पांच्या कानात अत्तराचा फाया, डोक्यावर कळसाएवढा फेटा.

"सांग, माझ्या मनात काय हाय? चुकलास तर उद्यापास्नं नांगर."

मी म्हणालो,

"ह्याला काय सांगता येत न्हाई, असं तुमच्या मनात हाय, आप्पा."

आप्पांनी फेटा सारखा केला. मग वडिलांना म्हणाले, "व्हय. शिकू द्या त्याला."

तेव्हा मी स्वतःच्या हुशारीवर खूश होतो. आता वाटतं, 'न्हाई' म्हणायला त्यांना कुणाची आडकाठी होती?